घासाची पारख



मी कविता लिहितो. त्यामुळं आकाशवाणीवर बोलायला बोलावलं की लोकांना वाटतं, हा आता पावसावर बोलणार, नाहीतर चंद्रावर. आज मला वाळलेल्या गवतावर बोलायचं आहे. हे गवत गाई-म्हशींसाठी नाही आणि शेळ्यांसाठीही नाही. गिनी पिग नावाचा वीतभर लांबीचा एक प्राणी अलीकडं पुष्कळ घरांतून पाळला जातो, त्याच्या ताटातलं हे गवत आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण ज्यांच्या घरात हा प्राणी आहे त्यांना विचारून पाहा. किराणा मालाच्या यादीत 'गवत' ही ओळ आली आणि तिच्यापुढचा आकडा दिसला की पगारदार माणूस चष्मा काढून पुसतो. मग गवत महाग म्हणून थोडं घातलं जातं, बाकीचं पोट पोळीनं, बिस्किटानं, रंगीत दाण्यांनी भरलं जातं, आणि वर्ष-दीड वर्षात ते जनावर हातचं जातं. का गेलं हे घरातल्या कुणाला कळत नाही. मुलं रडतात, पिंजरा माळ्यावर जातो. चांगलं गवत आपल्या आसपास स्वस्तात मिळतं, फक्त ते ओळखता आलं पाहिजे. त्याबद्दलच मी बोलणार आहे.

आधी या पाहुण्याची ओळख. नावात पिग असलं तरी डुकराशी त्याचं काही नातं नाही. उंदीर, खार, साळिंदर यांच्या कुरतडणाऱ्या कुळातला हा प्राणी. नावात गिनी आहे, पण आफ्रिकेतल्या गिनी देशाशीही संबंध नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवला, तोही खाण्यासाठी. पेरू देशातल्या खेड्यांत आजही स्वयंपाकघराच्या जमिनीवर हे प्राणी मोकळे फिरतात आणि घरधनीण त्यांच्यापुढं हिरवा चारा टाकते. तिकडं त्याला 'कुई' म्हणतात. त्याची हाक एकदा ऐकली की मराठी माणसालाही दुसरं नाव सुचणार नाही.

आमच्याकडं, म्हणजे सोलापूरला, अशा दोन कुई २०२२ सालच्या जून महिन्यात आल्या. पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब बदलीच्या गावी निघालं होतं, त्यांना त्या नेता येत नव्हत्या. माझी धाकटी मुलगी पिंजराच उचलून घेऊन आली. बदाम आणि पिस्ता ही नावंही तिचीच. अम्मा, म्हणजे माझी आई, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनं 'पिग' एवढंच ऐकलं आणि पदर तोंडाला लावून उठून गेली. हा उंदराचा लांबचा भाऊ आहे हे तिला पटवायला दोन दिवस लागले. पटल्यावर मात्र पिंजऱ्याजवळची जागा तिनं सोडली नाही.

बदाम ठणठणीत होती. पिस्ता खायला पुढं यायची, तोंड लावायची आणि मागं फिरायची. हनुवटी सदा लाळेनं ओली. आमच्या भागातल्या पशुवैद्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "गाय आणा, शेळी आणा, बघतो. या प्राण्याच्या तोंडात मी कधी डोकावलेलं नाही." तेव्हा मुलगी मांडीवर टोपली घेऊन एस.टी.नं पुण्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी भूल देऊन पिस्ताच्या दाढा घासल्या. साडेतीन हजार रुपये झाले. गोळ्या-औषधं फारशी नव्हती. कागदावर खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: गवत.

त्याचं कारण असं. गिनी पिगला वीस दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. नुसते पुढचे पटाशीचे नव्हेत, मागच्या दाढाही. आपले दात झिजू नयेत म्हणून आपण जपतो, याचे दात झिजलेच पाहिजेत. गवताचं पातं चरचरीत असतं, त्यात वाळूतलंच द्रव्य, सिलिका, बारीक कणांच्या रूपानं असतं. ते चावताना जबडा जात्यासारखा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. पोळी, दाणे, बिस्किट यांना तसं दळण लागत नाही. मग खालच्या दाढा आत कलतात, वाढत जाऊन जिभेवर कमान धरतात, आणि जनावर समोर अन्न असून उपाशी राहतं. पिस्ताचं तेच झालेलं होतं. दुसरी गोष्ट पोटाची. याचं आतडं चोथ्यावर चालतं. चोथा आत जात राहिला तर ते हलत राहतं. बारा ते चोवीस तास खाणं थांबलं तर आतडंही थांबू लागतं, आणि मग डॉक्टरांकडं धावावं लागतं. म्हणून गवत हे याचं जेवण. बाकी सगळं तोंडीलावणं.

आता खर्च. प्राण्यांच्या दुकानात विचारलं तर त्यांनी टिमथी नावाच्या परदेशी गवताचं पाकीट पुढं केलं. अर्धा किलो, चारशे रुपये. आमच्या दोघी मिळून रोज साधारण शंभर ग्रॅम गवत खातात आणि तुडवतात, हे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवडाभर मोजून काढलं आहे. महिन्याला तीन किलो, म्हणजे चोवीसशे रुपये. मुलीनं वहीत हिशेब मांडला आणि त्याच्याखाली आमच्या घरच्या महिन्याच्या तांदळाचा खर्च लिहिला. तांदूळ स्वस्त होता. माझ्या बायकोनं वही मिटली आणि म्हणाली, "एक तर गवत शोधा, नाहीतर यांना घर शोधा." मुलगी काही बोलली नाही. ती पिंजऱ्याजवळ जाऊन बसली.

टिमथी वाईट नाही, उलट उत्तम आहे. मूळ युरोपातलं हे गवत. अठराव्या शतकात अमेरिकेत टिमथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्यानं त्याचा प्रसार केला, त्याचं नाव गवताला चिकटलं. ते थंड हवेत पिकतं, आपल्या माळावर येत नाही, म्हणून समुद्र ओलांडून येतं आणि जहाजाचं भाडं पाकिटावर चढतं. पण सशाला आणि गिनी पिगला टिमथीच हवं असं निसर्गानं कुठं लिहून ठेवलेलं नाही. अँडीजमध्ये तरी कुठं होतं ते? हवं ते गवत वर्गातलं, चांगल्या वेळी कापलेलं, नीट वाळलेलं पातं.

इथं थोडं शब्दांबद्दल बोलतो, ती माझी सवय आहे. आमच्या घरात दखनी बोलतात. दखनीत 'घास' म्हणजे गवत. मराठी शाळेत गेलो तेव्हा कळलं की इथं 'घास' म्हणजे तोंडात जाईल एवढं अन्न. चिऊचा घास, काऊचा घास. आणि शेतकऱ्याच्या तोंडी 'घास' म्हणजे लसूणघास, जनावरांचा हिरवा चारा. संस्कृतात 'घस्' म्हणजे खाणं, तिथून हे सगळे निघाले. पिस्तापुढं हे तिन्ही अर्थ एकाच वाटीत होते, आणि त्यांतला तिसरा अर्थ तिच्या कामाचा नव्हता. ते पुढं सांगतो.

अम्मानं आयुष्याची तीस वर्षं शेळ्या राखल्या. तिला घेऊन मी कडबा बाजारात गेलो. वैरणवाल्यानं विचारलं, "आजी, शेळ्या किती?" अम्मा म्हणाली, "शेळ्या नाहीत. पोरीचे दोन उंदीर आहेत." तो हसला आणि त्यानं कडब्याची पेंढी ओढली. सोलापूर म्हणजे मालदांडी ज्वारीचा मुलूख. मालदांडीचं ते नावाजलेलं वाण आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. इथल्या कडब्याचं नाव लांबवर आहे. पण कणीस काढून घेतल्यावर उरलेलं ते धाट. सगळा कस दाण्यात गेलेला, राहिला तो बांबू. बैल तो पचवतो, त्याचं पोट केवढं! किलोभराच्या जनावराला तो मुख्य अन्न म्हणून पुरत नाही. आणि ज्वारीचा कोवळा हिरवा पाला तर घालूच नये. त्यात विष असतं, जनावराला किराळ लागते हे खेड्यातल्या कुणालाही माहीत आहे.

गव्हाचा भुसा आणि भाताचा पेंढा यांचंही तेच. दोन्ही पिंजऱ्यात अंथरायला छान, पोटाला निकामी. पेंढ्याबद्दल एक सूचना. उन्हाळ्यात आंब्याच्या पेटीतला पेंढा फुकट मिळतो म्हणून काही जण तोच घालतात. त्या पेटीत आंबे पिकवायला कसली पुडी ठेवली होती ते आपल्याला कोण सांगणार? तो अंथरायलासुद्धा नको.

मग अम्मानं दुकानाच्या मागच्या बाजूला रचलेल्या गंजीकडं बोट दाखवलं. ते माळावरचं गवत. वैरणवाला म्हणाला, "हे कुणी मागत नाही आजी, धनगर तेवढे नेतात." अम्मानं वरची पेंढी बाजूला सारली, आतली ओढली, आळा सोडला आणि नाकाला लावली. मी रंग बघत होतो. ती मला म्हणाली, "आँख सबकू रैती. पैले नाक कू पूच."

नाकाला विचारायचं ते असं. चांगल्या वाळलेल्या गवताला एक गोडसर वास असतो, चहाच्या कोऱ्या पुड्याच्या जवळचा. ओल्या भिंतीसारखा, बंद पेटीसारखा कुबट वास आला की पेंढी परत ठेवायची, कितीही हिरवी दिसो. तो बुरशीचा वास असतो. गवत अर्धवट ओलं असताना रचलं तर गंजीच्या पोटात ऊब धरते आणि आत बुरशी चढते. बाहेरून सोनं, आत राख. या प्राण्याची फुप्फुसं नाजूक, बुरशीच्या धुळीनं शिंका सुरू होतात आणि दुखणं छातीत उतरतं.

नाकानंतर हात. मूठभर गवत घेऊन पिळायचं. गारवा लागला तर ओल आहे. चुरा होऊन हातात आलं तर ते गेल्या वर्षीचं. लवचिक राहून शेवटी कटकन मोडलं तर घ्यायचं. मग पांढऱ्या फडक्यावर पेंढी झटकायची. माझी मुलगी यासाठी जुनी ओढणी घेऊन जाते आणि बाजारातले लोक तिच्याकडं बघत राहतात. फडक्यावर पिवळट भुगा थोडासा पडणारच. करडी बारीक धूळ उडाली, डोळे चुरचुरले, तर नको.

रंगाचा नंबर शेवटचा. हिरवट असावं. पानं दांड्यांपेक्षा कमी नसावीत. पार पांढरं पडलेलं, नुसत्या काड्या झालेलं गवत म्हणजे बी पडून गेल्यावर, उशिरा कापलेलं. आपल्याकडं माळावरची कापणी बहुधा दिवाळीच्या पुढं-मागं होते, तेव्हा पुष्कळ गवत फुलोऱ्याच्या पुढं गेलेलं असतं. ज्यानं दसऱ्याच्या सुमाराला, फुलोऱ्यात असताना कापलं त्याच्याकडचं गवत पेंढीमागं दोन-चार रुपये जास्त देऊनही घ्यावं. हे पैसे दिसत नाहीत, पण जनावराच्या अंगावर दिसतात.

आता कोणतं गवत? पहिला नंबर मारवेलचा. शेताच्या बांधावर, ओघळीच्या कडेला येतं. बारीक दांडा, भरपूर पात, फुलोरा बोटांसारखा फुटलेला. आमचं सगळं पठार मुळात या गवताचं. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांचं भारतातल्या गवताळ प्रदेशांवरचं पुस्तक निघालं. त्यांनी देशाची जी वर्गवारी केली तिच्यात आपल्या पठारासह द्वीपकल्पाचा मोठा पट्टा दोन गवतांच्या नावानं ओळखला जातो. त्यांतलं एक, डायकँथियम, म्हणजे आपल्या मारवेलचं कूळ. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलची सुधारित वाणंही काढली आहेत. आपल्याच मातीचं पीक आहे म्हणून ते स्वस्त आहे, त्यात कस कमी आहे म्हणून नव्हे. बाजारात या दोन गोष्टींची फार गल्लत होते.

मारवेलच्या पेंढीत दुसरी गवतं येतातच. पवन्या, डोंगरी आली तर आनंद. कुसळी आली तर सावध. कुसळीचं बी म्हणजे टोकदार बाण, मागं पिळदार शेपूट. मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं ते हेच. गिनी पिगच्या हिरडीत, जिभेत, डोळ्यात ते रुतलं तर बिचारं जनावर सांगणार कुणाला? कोवळेपणी कापलेली कुसळी चालते, बी धरलेली नाही. आमच्याकडं दर रविवारी सकाळी पेंढी सोडून निवडायचं काम चालतं. तांदूळ निवडावेत तशी अम्मा चष्मा लावून कुसळं निवडते. त्याच वेळी गाजरगवताच्या काड्या, काटे, दोऱ्याचे तुकडे बाहेर पडतात. गाजरगवत पुण्यात १९५०च्या दशकात ठळकपणे नजरेत आलं, आणि आता त्याच्याशिवाय बांध सापडत नाही. जनावरांना ते विषारी, माणसाच्या कातडीलाही वाईट. पेंढीत ते मूठभर निघालं तर सगळी पेंढीच टाकून द्या, वीस रुपयांचं नुकसान सोसा.

बागायती भागात हिवाळ्यात ओट पेरतात, चाऱ्यासाठी. दाणा भरण्याआधी कापून वाळवलेला ओट म्हणजे या जनावराची मेजवानी. ओळखीचा दूधवाला असेल तर त्याला विचारून ठेवा. गोठ्यासाठी तो वाळवेलच असं नाही, पण चार पेंढ्या उन्हात टाकायला त्याला काही कष्ट नाहीत.

मघाशी लसूणघासाचं राहिलं. बकरी ईदच्या आधी आठवडाभर आमच्या मोहल्ल्यात कोपऱ्याकोपऱ्यावर लसूणघासाच्या जुड्या विकायला बसतात, बोकडांसाठी. हिरवागार, लुसलुशीत, जुडी दहा-पंधरा रुपयांना. पाहिलं की वाटतं, घ्यावा आणि वाळवून ठेवावा. पण लसूणघास हे गवत नाही, ते द्विदल, मेथीच्या नात्यातलं. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार. मोठ्या झालेल्या गिनी पिगला रोज घातला तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मादी, यांना तो चालतो, हवाच असतो. बाकीच्यांना सणासुदीला चिमूटभर. आमच्या दोघींची ईद तेवढ्यावरच होते.

आणि हरळी. बाहेरच्या देशांत बर्म्युडा नावाचं वाळलेलं गवत याच प्राण्यांसाठी विकतात. त्या रुबाबदार नावामागं आहे ती आपली हरळी, तिच्याच दुर्वा. हे वाचलं आणि मी उठून गणपतीच्या देवळाबाहेर बसणाऱ्या मावशींकडं गेलो. संध्याकाळी उरलेल्या दुर्वा त्या दहा रुपयांत पिशवीभर देऊ लागल्या. चार दिवस झाल्यावर त्यांनी विचारलं, "चाचा, रोज एवढी हरळी कुणाला ओ?" मी म्हटलं, "घरात दोन उंदीर आहेत, मावशी." मावशी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मग न्या की. आमच्या देवाचं वाहनच ते." पाचव्या दिवसापासून त्यांनी पैसे घेणं बंद केलं. मी आग्रह केला की त्या म्हणतात, संकष्टीला द्या.

दुर्वा घेताना दोन गोष्टी. विकायला बसतात त्या दुर्वा ओल्या गोणपाटात ठेवलेल्या असतात. घरी आल्यावर धुऊन, जुडीचा दोरा सोडून, सावलीत पसरून वाळवायच्या. ओल्या जुडीला आतून दोन दिवसांत काळा चिकटा येतो. आणि रस्त्याकडेची हरळी कापून आणू नये. तिथं गाड्यांचा धूर, कुत्र्यांचे उद्योग आणि कुणी मारलेलं तणनाशक, सगळं असतं. बागेतल्या यंत्रानं कापलेलं गवतही नको. ते चेचलेलं असतं, ढिगात तासाभरात तापायला लागतं.

गवत कितीही चांगलं असलं तरी एक गोष्ट त्यात नसते. वाळताना 'क' जीवनसत्त्व निघून जातं, आणि माणसासारखंच या प्राण्यालाही ते शरीरात तयार करता येत नाही. खरं तर माणसाच्या या रोगाचं कोडं सुटायला याच प्राण्यानं मदत केली. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही झाला. कोबीसारखा ताजा पाला दिला की ती बरी व्हायची. म्हणून रोज ढोबळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबिरीच्या चार काड्या. हा खर्च महिन्याला भाजीच्या हिशेबात कळतही नाही.

साठवण. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून गवत ठेवलं तर ते घाम धरतं. आमच्याकडं ते कापडी खोळीत असतं, जिन्याखाली, दोन विटांवर फळी टाकून, भिंतीपासून हातभर लांब. दिवाळीनंतर सहा महिन्यांचं भरून ठेवलं तरी चालतं, सोलापूरची हवा कोरडी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी मात्र जून लागला की पंधरा दिवसांचंच आणावं. मुंबईत उंच इमारतीत राहणाऱ्याला कडबा बाजार कुठला, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. त्यांनी टिमथी घ्यावं, पण लहान पाकिटं घेऊ नयेत. चार घरांनी मिळून मोठा गठ्ठा घ्यावा आणि वाटून घ्यावा. पाकिटावरच्या गोंडस चित्राकडं न बघता आतला रंग बघावा. पाकीट अपारदर्शक असेल तर पहिल्यांदा एकच घ्यावं आणि घरी उघडून नाकाला लावावं. अम्माची परीक्षा परदेशी गवतालाही लागू आहे. मी एक पाकीट तिच्यापुढं धरलं होतं, तिनं ते नापास केलं.

नवीन गवत एकदम बदलू नका. जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घ्या. पिस्तानं पहिले तीन दिवस मारवेलकडं पाहिलं नाही. चौथ्या दिवशी बदामच्या तोंडातली काडी तिनं दुसऱ्या टोकाकडून धरली आणि ओढली. त्या ओढाताणीत दोघींचं नाक नाकाला लागलं आणि काडी संपली. मुलगी मला हाका मारत होती, मी उभाच होतो तिथं.

आता आमचा महिन्याचा हिशेब असा. निवडून निम्मं टाकून द्यावं लागतं असं धरलं तरी सहा-सात पेंढ्या पुरतात. पेंढी वीस रुपये. म्हणजे एकशे चाळीस. मुलीच्या वहीत तांदळाच्या कितीतरी खाली.

पण गेल्या दोन वर्षांत हा भावाचा प्रश्न राहिलेला नाही, मालाचा झाला आहे. आम्हाला गवत देणारा माणूस बार्शीकडचा. त्याच्या गावचा माळ निम्मा नांगरला गेला. पाणी आलं तिथं ऊस आला, ऊस आला तिथं मारवेल गेलं. कुरणं राखणारी माणसं म्हातारी झाली. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा तो पेंढीला तीस रुपये सांगत होता आणि देताना त्यालाच संकोच वाटत होता. झाशीला भारतीय चारा व गवताळ संशोधन संस्था १९६२ पासून आहे, तिथले शास्त्रज्ञ गवताळ रानांबद्दल सांगत आले आहेत. आपण गवताळ रानाला पडीक म्हणतो, तिथंच गोंधळ आहे. कागदावर पडीक लिहिलं की त्यावर काहीही उभं करायला माणूस मोकळा.

२०२४च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, तो गवतवाला आमच्या दारात आला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मारवेलची बारा ठोंबं त्यानं अम्माच्या हातात दिली. म्हणाला, "आजी, माझ्याकडचं संपलं तर असू द्या." गच्चीवर जुन्या टबांत, पत्र्याच्या डब्यांत ती लावली. बारांपैकी नऊ जगली. सप्टेंबरमध्ये फुलोरा दिसताच अम्मानं विळीवर कापली, चार दिवस सावलीत वाळवली. काट्यावर तीनशे ग्रॅम भरली. दोघींनी ती तीन दिवसांत संपवली.